खंडेनवमीला घासलेला पिस्टन

खंडेनवमीच्या सकाळी सव्वाअकरा वाजता मी रायफलीत पिस्टन बसवला आणि बाबालालमामांचा श्वास तिच्यात गेला. मामा समोरच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, छाती उचलली, पण हवा आत गेलीच नाही. पिस्टन मात्र आपणहून एकदा मागे गेला, पुढे आला आणि थांबला.

मी चाप ओढला. पिस्टन पुन्हा मागे गेला, पुढे आला आणि मामांच्या छातीत एक श्वास भरला. एकच.

"परत वड," मामा म्हणाले.

मी परत ओढला.

रायफल रिकामी होती. त्या खोलीत एकही गोळी नव्हती. पण ही रायफल अशीच चालते. गोळी सुटली की तिच्यामागचा गॅस पिस्टनला ढकलतो, पिस्टन मागे जातो आणि पुढच्या गोळीची तयारी आपली आपण होते. चाप तेवढा दर वेळी बोटानं ओढावा लागतो. गोळीच्या जागी श्वास आला होता, बाकी सगळं नकाशाप्रमाणे बरोबर होतं. फिटर म्हणून मला त्यात खोट काढता आली नाही.

खोट होती ती माझी. खंडेनवमीला आमच्या कारखान्यात हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूखाली ठेवतात आणि दसरा होईपर्यंत त्यांना कोणी शिवत नाही. पूजा झाली, पेढे वाटले, सगळे घरी गेले. आम्ही दोघं थांबलो, कारण परीक्षक कदमबांडे साहेब तीन वाजता रायफल खांद्याला लावून बघायला येणार होते. सीमोल्लंघनाला पहिली गोळी त्यांना झाडायची होती. आणि पिस्टन केसभर घट्ट बसत होता.

"ऱ्हाऊ दे, रत्ने," मामा म्हणाले होते. "आज हत्यारं झोपल्यात. साहेबास्नी सांगू, परवा या म्हणून."

मामा शिकलगार. त्यांच्या घरात सात पिढ्या तलवारीला धार लावत आल्या. मला कानस धरायला त्यांनीच शिकवलं, तीस वर्षांपूर्वी, दोन्ही अंगठे फुटेपर्यंत. त्यांचं ऐकायला हवं होतं. पण मला माझ्या हाताची फार घमेंड. मी झेंडू बाजूला सारला, कानस उचलली आणि पिस्टनवर दोन हात मारले. फक्त दोन. पिस्टन लोण्यात गेल्यासारखा आत गेला.

मिनिटाला चौदा वेळा चाप ओढायचा, असं गणित बसलं. बोट दुखलं की मी बोट बदलायची.

"मामा, त्रास होतोय?"

"न्हाई गं. कानशीची धूळ खाऊन खाऊन छातीत नुसती घरघर हुती. आज आवाज आइक."

मी ऐकलं. घरघर नव्हती. स्वच्छ, तेल दिलेला श्वास होता. मला भीती वाटत होती, आणि तिच्याहून जास्त, सांगायला लाज वाटते, नवल वाटत होतं. माझ्या हातून असं काही कधी झालं नव्हतं.

साडेबारा वाजता भिंती सरकलेल्या दिसल्या. मामांनी श्वास घेतला की दोन्ही बाजूच्या भिंती एक सूत आत येत, आणि सोडला की समोरची भिंत तेवढीच लांब जाई. मी एका हातानं चाप ओढत होते आणि दुसऱ्या हातानं पट्टी लावून बघत होते. सगळीकडे एकच माप. दोननंतर कोपरे उरले नाहीत. खोली गोल झाली, गुळगुळीत झाली, आणि तिच्या भिंतींवर रायफलीच्या नळीत असतात तसे पीळ घेत जाणारे आटे उमटले. समोरचा दरवाजा इतका दूर गेला, की त्यावरचं झेंडूचं तोरण टिकलीएवढं दिसू लागलं.

"नळी किती सरळ गेलीय बघ," मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

आणि चाप जड होत चालला. त्याला कारण होतं. ही रायफल साहेबांच्या मापाची. मामा पट्टीनं माप घेत नाहीत, दोऱ्यानं घेतात आणि प्रत्येक मापाला गाठ मारतात. साहेबांच्या हाताची एक गाठ, मानेची एक, गालाची एक, बोटाची एक. पाचवी गाठ श्वासाची. साहेबांना श्वास रोखायला सांगून मामा दोरा सोडत टूलरूमभर चालत राहिले होते आणि साहेबांनी श्वास सोडला तिथं त्यांनी गाठ मारली होती. त्या दोऱ्याचं रीळ माझ्या एप्रनच्या खिशात होतं. पावणेतीनला मला चाप दोन्ही हातांनी ओढावा लागत होता, आणि मामांचे ओठ प्रत्येक श्वासाआधी थोडे निळे पडत होते.

तीन वाजता कदमबांडे साहेब मागच्या दारातून वाकून आत आले. वाकल्याशिवाय येणं शक्यच नव्हतं.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली. पण मामांचा श्वास तिच्यात आहे. चाप ओढला की एक येतो. ओढत राहावं लागतं."

साहेबांनी मामांकडे पाहिलं, मग रायफलीकडे. "चाप माझ्या बोटाच्या मापाचा आहे?"

"तुमच्याच. माझ्याच्यानं आता ओढवत नाही."

मी दोन्ही हातांनी जोर लावला. चाप हलला नाही. मामांची छाती वर उचलून तशीच राहिली.

"दे त्यांस्नी," मामा कसेबसे म्हणाले. "चाळीस वर्सं बनवल्या. एकबी उडताना बघितली न्हाई."

मी रायफल साहेबांच्या हातात दिली. दस्ता त्यांच्या खांद्यात बसला, गाल जागेवर टेकला, बोट चापावर गेलं. कुठेच फट नव्हती. त्यांनी अलगद चाप ओढला आणि मामांनी पोटभर श्वास घेतला.

"असंच," मी म्हणाले. "न थांबता ओढा साहेब, तुमच्या पाया पडते."

"नेम धरल्याशिवाय मी चाप ओढत नाही," ते म्हणाले. "हा चुकून ओढला."

त्यांनी दूरच्या टिकलीवर एक डोळा रोखला. श्वास घेतला, अर्धा सोडला आणि उरलेला रोखून धरला, प्रत्येक नेमबाज धरतो तसा. भिंती थांबल्या. माझ्या खिशातलं रीळ फिरायला लागलं आणि दोरा आपणहून माझ्या बोटांतून समोर, दरवाजाच्या दिशेनं जाऊ लागला. हाताची गाठ गेली. मानेची गेली, गालाची गेली, बोटाची गेली. मग नुसता गुळगुळीत दोरा.

मामा तोरणाकडे बघत हसत होते, तोंड किंचित उघडं. मी त्यांचा हात धरला. दुसऱ्या हाताच्या बोटांतून दोरा सरकत होता, आणि श्वासाची पाचवी गाठ अजून लागली नव्हती.