झाकलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या एका दुमजली सभागृहाच्या फाटकावर दर शनिवारी मला टांगतात. माझी हकीकत तुम्हांला सांगण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. पण एका माणसाबद्दल बोलायचे राहून गेले, तर ते मला कायम सलत राहील.

माझा जन्म तेलाच्या डब्यातून झाला. परसू पेंटरने डबा कापला, ठोकून सपाट केला, निळा रंग दिला आणि कन्नड व मराठीत लिहिले, 'दारू सोडायची आहे? वर या.' त्याखाली, 'सभा. शनिवार, संध्याकाळी सहा,' आणि आत बोट दाखवणारा एक बाण. मान तिरकी करून तो म्हणाला, "सरी, ठीक झालं. लांबून वाचता येतंय." ती माझी पहिली स्तुती.

मला करवून घेतले विठोजीअण्णांनी. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या बेंगळुरूत आहे. त्यांनी स्वतः चौदा वर्षांपूर्वी दारू सोडली होती. वरच्या खोलीत बारा-पंधरा माणसे गोल करून बसत. आडनाव कुणी विचारत नसे. एकाने आपले सांगायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. एवढ्यावर माणसे पुन्हा उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

पण येणारे-जाणारे मला वाचत आणि मग जिना चढणाऱ्याचे तोंड न्याहाळत. एके दिवशी सभेतले एक गृहस्थ म्हणाले, "अण्णा, माझी मुलगी लग्नाची आहे. खालच्या हॉलमध्ये आपल्याच समाजाची माणसं येतात. जिना चढताना कुणी पाहिलं तर?"

अण्णांना ते पटले. त्यांनी निळ्या रंगाचा हात देऊन माझी वरची ओळ झाकून टाकली. सभेची वेळ आणि बाण तेवढा उरला. नेहमीच्या माणसांना खोली ठाऊकच होती. नवा माणूस काय करील, हे कुणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही.

अशा एका शनिवारी महांतेश आला. तो मूळचा निपाणीकडचा. व्हाइटफील्डच्या कंपन्यांतल्या माणसांची ने-आण करणारी टॅक्सी चालवायचा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला होता. नऊ दिवस त्याने दारूला शिवले नव्हते. त्याने चिठ्ठी माझ्याशी ताडून पाहिली आणि बाणामागोमाग तो सरळ खालच्या हॉलमध्ये शिरला. तिथे वधू-वर मेळावा भरला होता.

दार उघडे होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"या, बसा. मुलाकडचे की मुलीकडचे?" एका बाईंनी विचारले.

"मी माझ्यासाठीच आलोय."

"अगंबाई, बिजवर का? असू दे, असू दे. फॉर्म भरून घेऊ. काही व्यसन?"

"त्यासाठीच तर आलोय की."

अख्खा हॉल खो खो हसला. महांतेश उठला आणि मान खाली घालून बाहेर पडला. माझ्यासमोर तो क्षणभर थांबला. वरची खोली तिथून अवघ्या चौदा पायऱ्यांवर होती. पण मी काय सांगणार? माझे तोंड रंगाने बंद होते.

पाच महिन्यांनी त्याला त्याची बायको भाग्यलक्ष्मी घेऊन आली. त्याचे डोळे पिवळे झाले होते, पोट फुगले होते. तिने त्याला फाटकापाशी बसवले आणि दारोदार विचारत वरची खोली शोधून काढली. त्याला जिना चढवेना, म्हणून सगळी सभाच खाली उतरली आणि पायऱ्यांवर बसली. महांतेशने मेळाव्याची गोष्ट स्वतःच सांगितली. "मला वाटलं, दारू सोडणारी माणसं एवढी नटूनथटून येत्यात व्हय?"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. "कुणाला तरी विचारायचंत ना, बाबा."

"काय म्हणून विचारू, अण्णा? तोंडातनं शब्द निघायला नको?"

तो तीन शनिवार आला. चौथ्या शनिवारी भाग्यलक्ष्मी एकटी आली. कपाळ मोकळे होते. ती म्हणाली, "शेवटचे अठरा दिवस त्यांनी घेतली नाही. तुम्हांला सांग म्हणाले होते."

अण्णांनी मला काढून मांडीवर घेतले आणि चाकूने निळा रंग खरवडायला सुरुवात केली. ज्यांची मुलगी लग्नाची होती, त्यांनीच मला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले. रंगाबरोबर थोडी अक्षरेही गेली. तेव्हापासून मी ओरखड्यांची झाले. पण वाचता येते.

आता शनिवारी भाग्यलक्ष्मी साडेपाचलाच येऊन माझ्याशेजारी उभी राहते. कुणी फाटकापाशी घुटमळू लागला, की हळूच विचारते, "वर जायचंय काय, अण्णा? चला, मी येते. स्वल्प दमानं."

मित्रांनो, अशा जागेचा पत्ता तुम्हांला कुणी विचारला, तर हसू नका आणि लांबून हातही दाखवू नका. दारापर्यंत त्याच्यासोबत जा. मी पत्र्याची आहे, मला चालता येत नाही.