आईची मूठ

...एकच गहू. डब्यातल्या तांदळावर आडवा पडलेला, पोटावर बारीक रेघ. निशाने तो चिमटीत उचलला, उगीच बोट खाली घातलं, तर दुसरा, तिसरा — चुकून उडालेला गहू असा तळापर्यंत मुरत नाही.

दळणाचा डबा नेहमी आईच न्यायची. आज तिचे गुडघे धरले, म्हणून राहनाळच्या गोदामातली ड्युटी संपवून आलेली निशा निघाली होती. तांदळावर तांदूळच दळ, गव्हावर नको — गिरणीवाल्या चांगदेवला आई दर वेळी बजावायची, आणि गल्ली तिच्या सोवळ्याला हसायची. दोन वर्षं! आपल्याला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हाशी जन्माचं वैर, हे निशाला कळल्यापासून चपाती नाही, पाव नाही, राकेशदादाच्या लग्नातही डब्यातली भाकरी... तरी जुलाब थांबेनात, तरी आतडं भरून येईना. पथ्यानं भागत नाही, डॉक्टर म्हणाले होते, गुरुवारपासून स्टेरॉइडच्या कॅप्सूल सुरू करू. परदेशात नव्या औषधांचे प्रयोग चाललेत, पण हाती अजून काही नाही. आधी खात्री करा, घरात कुठून गहू जात नाही ना? — आमच्या घरात? शक्यच नाही, असं निशा किती तोऱ्यात म्हणाली होती.

"आई, यात गहू कसे?"

गुडघ्याला तेल चोळणारा शांताबाईंचा हात थांबला.

"मूठभरच टाकते गं. पयल्यापासून. निसत्या तांदळात काय ताकद हाय? तू वाळत चाललीस, मला बघवत न्हाय."

म्हणजे गिरणीत धास्ती लोकांच्या गव्हाची. स्वतःच्या मुठीची नाही.

निशाला राग आला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आला. पण रागाच्याही खाली काहीतरी खचलं — त्या कॅप्सूलची आशा. पथ्य हरलं म्हणजे आता औषधाची पाळी, आणि औषध म्हटलं की कधीतरी पथ्यातून सुटका... आठ दिवस ती चोरून याच आशेवर जगली होती. आता खरं सांगितलं तर डॉक्टर पेन खाली ठेवतील, पथ्यच पाळा म्हणतील, मरेपर्यंत. आणि कुणाच्या हातून झालं, हेही विचारतील. नाही सांगितलं तर गरज नसताना ते स्टेरॉइड, सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडं... आणि आईची अब्रू शाबूत.

"रागावलीस?" आईने विचारलं. "सकाळची भाकरी हाय, खाऊन घे आधी."

निशाला भूक लागली होती. दोन वर्षं तिला जगातल्या प्रत्येक ताटाची भीती वाटत आली होती, फक्त या घरातल्या सोडून. आणि आता आईने पुढे केलेल्या ताटाकडे बघताना तिचे हात मांडीवरून हलत नव्हते.