एका हाकेला वळलेल्या दोन माना

‘पाद्रीबाब, मिंगेल नाव माणसां खाता काय?’

हा प्रश्न विचारला कातरीनने, पण तो तिचा नव्हता. तो शेवंती आणि सुगंधा या तिच्या वर्गमैत्रिणींचा होता. शाळेतून येताना शेवंतीने तिला डिवचलं होतं, ‘तू इचारतलंस? पाद्रीबाबासमोर तुझी बोबडी वळात!’ सुगंधाने तर पैजच लावली होती की, विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर मी वाहीन. कातरीन तेव्हा नववीत होती. गेल्याच महिन्यात वक्तृत्वात तिने सगळ्या मुलांना हरवलं होतं, त्यामुळे ‘तुला जमणार नाही’ असं कुणी म्हटलं की ती ते करायचीच. त्या दोघी चर्चच्या फाटकाबाहेर माडाआड उभ्या राहिल्या आणि ही तरातरा आत गेली.

मित्रांनो, ज्याच्यावर हा आळ आला ते मिंगेल नाव म्हणजे मी. मी एक फार जुनं नाव आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, दात तर नाहीतच. मग मी माणसं खाऊ कशाने? पण हे सांगायला तोंड लागतं, आणि नावाला स्वतःचं तोंड नसतं. ते दुसऱ्यांच्या तोंडात जगतं आणि दुसरे गप्प बसले की मरतं. मी पाच वर्षं मेल्यासारखाच होतो. त्या दिवशी कातरीनने मला घराबाहेर मोठ्याने उच्चारलं, म्हणून आज हे सांगतो आहे.

माझा जन्म इथला नाही. समुद्रापलीकडे, दूरच्या वाळूच्या मुलखात, हिब्रू बोलणाऱ्या लोकांच्या ओठांवर मी पहिल्यांदा आलो. तेव्हा मी मीखाएल होतो. मग देशोदेशी फिरलो. प्रत्येक देशाने आपापल्या जिभेने माझे कोपरे घासून घेतले. पोर्तुगालच्या गलबतांवर चढलो तेव्हा मिगेल झालो होतो. गोव्यात उतरलो, तर तिथल्या लोकांनी माझ्या कपाळावर एक टिंब ठेवलं आणि मी मिंगेल झालो. ते टिंब लावूनच मी किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत मालवणला आलो.

काय माझी चलती होती म्हणून सांगू! कातरीनच्या आज्याच्या काळात किनाऱ्यावर उभं राहून ‘रे मिंगेल’ म्हटलं की सात माना वळायच्या. त्याने फार घोटाळा व्हायचा. म्हणून लोकांनी प्रत्येक मिंगेलला एक शेपूट लावलं होतं. उंच होता तो लांबो मिंगेल, घाऱ्या डोळ्यांचा तो घारो मिंगेल. कातरीनचा आजा होड्यांची वल्ही तासायचा, तो वल्ह्यांचो मिंगेल. शेपटाशिवाय हाक मारायची नाही, असा गावाचा न सांगता पाळलेला नेम होता.

त्या घरांत पहिल्या नातवाला आज्याचं नाव द्यायची चाल. म्हणून कातरीनच्या मोठ्या भावालाही मीच मिळालो. तो बारको मिंगेल. आज्याने त्याच्यासाठी मुद्दाम आखूड वल्हं तासलं होतं आणि बारको ते उशाशी घेऊन झोपायचा. पुढे आजा गेला, घारो गेला, बाकीचेही एकेक करून गेले. तरी मला वाटायचं, मी संपणं शक्य नाही. किनाऱ्यावर अजून दोन मिंगेल होते ना!

पंचावन्न सालच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. लांबो मिंगेल किनाऱ्यावर बसून जाळं विणत होता. त्याचा भागीदार महादू एकटाच होडी घेऊन परतत होता. वारा उलटला, टाकलेल्या नांगराचा दोर तुटला आणि होडी खडकांकडे ओढली जाऊ लागली. महादूने जिवाच्या आकांताने हाक मारली, ‘मिंगेऽऽल! धाव रे!’

‘लांबो’ म्हणायला त्याला श्वास पुरला नाही. एवढंच झालं.

एका हाकेला दोन माना वळल्या. लांबो जाळं टाकून उठला, पण त्याच्याआधी अकरा वर्षांचा, अजून धड पोहता न येणारा बारको आपलं वल्हं घेऊन पाण्यात शिरला होता. त्याला वाटलं, आपल्यालाच बोलावलं. एवढ्या मोठ्या माणसाने भर संकटात आपल्यालाच हाक मारली! मित्रांनो, मी त्याचं तोंड पाहिलं. माझ्यामुळे इतका खूश झालेला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

लांबो पोहत गेला. महादू वाचला. होडी वाचली. वल्हं तिसऱ्या दिवशी रेतीवर आलं. बारको आला नाही.

तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. लांबोने सगळ्यांना सांगून टाकलं, ‘माका नुसतो लांबो म्हणा.’ महादू तर त्या दिवसापासून कुणालाच नावाने हाक मारत नाही. बायकोलासुद्धा ‘अगो’ आणि बैलालासुद्धा ‘अरे’. मासे विकणाऱ्या हौसाबाईने टोपली खाली ठेवता ठेवता सांगितलं, ‘ता नाव माणसां खाता गो बाये, कोणाक ठेव नको,’ आणि ते बोलणं टोपलीबरोबर दारोदार गेलं. मग पोरांची नावं मुंबईहून येऊ लागली. विल्सन आला, नेल्सन आला, स्टॅनी आला. एक तर मायकल म्हणून आला. तो माझाच शहरी अवतार, पण त्याने मला ओळखसुद्धा दाखवली नाही.

मी कुठे राहत होतो म्हणाल, तर कातरीनच्या आईच्या घशात. ती मला उच्चारत नव्हती आणि गिळतही नव्हती.

आणि साठ साली त्या घरात पुन्हा मुलगा झाला.

कातरीनच्या घरी वडिलांना पाय म्हणतात आणि आईला माय. पाय म्हणाला, ‘मिंगेलच ठेवचा. बापाशीचा नाव मी माझ्या हातान बुडवू?’

माय बाळाला पाजत होती. तिने वर पाहिलं नाही. ‘तिन्हीसांजेक दारात उभी रवान तीच हाक मारू? परत? माका जमाचा नाय.’

‘गाव काय म्हणात?’

‘गावान नऊ महिने वागवलो काय त्याका?’

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. जे काय सांगायचं ते कातरीनमार्फत. ‘तुझ्या पायाक सांग, जेवण वाढला आसा.’ ‘तुझ्या मायक सांग, भूक नाय.’ दोघांमध्ये हातभर अंतर आणि निरोप मात्र लेकीने पोचवायचे! बाळ आठ दिवसांचं झालं तरी त्याला नाव नव्हतं. रविवारी बाप्तिस्मा होता. पाद्रीबाब विचारणार, या मुलाचं नाव काय? आणि आईबाप एकमेकांकडे पाठ करून उभे असणार.

हे सगळं पोटात घेऊन कातरीन आत गेली होती. पैज ही नुसती सबब.

पाद्रीबाब म्हातारे, मूळचे गोव्याचे. प्रश्न ऐकून ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, कपाटातून बाप्तिस्म्याची जाडजूड वही काढली आणि तिच्यापुढे ठेवली. ‘बघ, मोज.’

कातरीनने बोट फिरवलं. अगदी जुन्या एका पानावर मी पाच वेळा होतो. पुढे तीन वेळा, मग एकदा. शेवटच्या ठिकाणी भावाचं नाव आलं तेव्हा तिचं बोट थांबलं. त्यापुढच्या पानांवर मी कुठेच नव्हतो. स्वतःला असं विरळ होताना पाहणं फार कठीण असतं, मित्रांनो.

‘ह्येचो अर्थ ठाऊक आसा तुका?’ पाद्रीबाब म्हणाले. ‘ह्या नाव न्हय गो, प्रश्न आसा. देवासारखो कोण?’

‘आणि जबाब?’

‘कोण नाय. ताच जबाब.’

कातरीनने पुन्हा भावाच्या नावावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, ‘म्हणजे महादून प्रश्न इचारल्यान. आणि माझो भाव ‘मी आसंय’ म्हणान जबाब देऊक गेलो.’

पाद्रीबाबांनी चष्मा पुन्हा काढला. ‘नावान त्याका खाल्ल्यान नाय, बाय. हाक अर्धी पडली. त्यात महादूचोय दोष नाय.’ मग विषय बदलावा म्हणून ते म्हणाले, ‘मे महिन्यात मोठे पाद्री, बिशप, येतले, तुम्हां पोरांचो बाप्तिस्मो पक्को करूक. तुझ्या कपाळाक तेल लावतले, तेव्हा तुका आणखी एक नाव घेवचा लागात. निवडलंस?’

ती दारापर्यंत गेली आणि वळली. ‘पाद्रीबाब, चेडवांक, आमका पोरींक, मिंगेल नाव गावता काय?’

‘मिंगेलीन म्हणतत,’ पाद्रीबाब म्हणाले आणि तिच्याकडे बघतच राहिले.

बाहेर शेवंती आणि सुगंधा धावत आल्या. ‘काय म्हणालो गो पाद्री? मारल्यान काय?’

‘आधी दप्तर उचल,’ कातरीन म्हणाली. बाकी काही सांगितलं नाही. घरी जाईपर्यंत ती दोघींच्या पुढे पुढे चालत होती, म्हणून तिचे डोळे त्यांना दिसले नाहीत.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मोठं मागणं नाही. वापरून वापरून नाव झिजतं म्हणतात, ते खोटं. ते नुसतं गुळगुळीत होतं. झिजतं ते न वापरल्याने, आणि डागाळतं ते कुजबुजीने. कुणाचंही नाव ठेवताना चार वेळा विचार करा, आणि कुणालाही हाक मारताना ती पूर्ण मारा. श्वास पुरत नसला तरी. अर्ध्या हाकेचं ओझं नावाला जन्मभर वाहावं लागतं, आणि नावाचा जन्म फार लांब असतो.

शनिवारी त्या घरात पेजेची भांडी तशीच पडली होती. पाय दाराकडे तोंड करून बसला होता, माय चुलीकडे. मध्ये पाळण्यात बिननावाचं बाळ रडत होतं आणि त्याला काय म्हणून गप्प करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. कातरीन उठली. भिंतीवरच्या खुंटीला ते आखूड वल्हं पाच वर्षं टांगलेलं होतं. ते तिने काढलं, फ्रॉकच्या घेराने त्याची धूळ पुसली आणि दोघांच्या मधोमध उभी राहिली. माझ्या अंगावर काटा आला. अंग नसताना.

‘पाय, माय, मी आता कोणाचो निरोप कोणाक सांगूचंय नाय. दोघांय माझ्याकडे बघा. बाळाचा नाव मायक आवडात ता ठेवा. मिंगेल त्याका नको. मिंगेल माका होया. बिशप येतले तेव्हा मी मिंगेलीन नाव घेतंय, आणि पाद्रीबाबाक उद्याच सांगतंय. माय, तुका हाक मारूची नसली तर मारू नको, तू आपली कातरीन म्हण. पण ह्याच्यापुढे ह्या किनाऱ्यार कोणी मिंगेलीन म्हणान हाक मारली, तर एकच मान वळतली. माझी. आणि माका पोहूक येता.’