घंटीच्या बाजूचा हात

सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. घंटीबाबांनी चिमीच्या डाव्या कानाशी घंटी किणकिणवली. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातापायांवर ताबा नसलेली ही सहा वर्षांची पोर आईच्या मांडीवर होती. आवाजाकडे तिची मान वळली आणि छातीशी आखडलेला डावा हात हळूहळू सरळ होत थेट गर्दीकडे लांबला.

"सुटला! माझ्या नातीचा हात सुटला!" चिमीची आजी ओरडली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाबांना स्फुरण चढलं. आईच्या पिशवीतल्या औषधाच्या बाटलीकडे बोट दाखवत त्यांनी तिच्यापुढे एक बादली सरकवली. "हे फिटचं औषध म्हणजेच बेडी! ओत बादलीत. एक थेंब जरी पोटात गेला, तर हात पुन्हा आखडेल." अपयशाची सोय आधीच करून ठेवण्यात बाबा वाकबगार होते.

आईने बाटली उघडली. संध्याकाळच्या डोसची वेळ झाली होती. मागे एकदा औषध चुकलं, तेव्हा फिट येऊन चिमी निळी पडली होती. ते आठवून आईने बाटली बादलीवर तशीच धरून ठेवली.

"अगं, बघतेस काय? ओत!" आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, म्हणाल्या.

ओतलंच असतं तिने. पण तो लांबलेला हात तिच्या फार ओळखीचा होता. रोज सकाळी फ्रॉक घालताना हात बाहीत जाईना, की ती त्या हाताच्या बाजूने हाक मारायची. चिमी वळली की हात सरळ, बाही आत. त्याचं तिला कधी नवल वाटलंच नव्हतं.

तिने झाकण लावलं आणि उजवीकडे वाकून हाक मारली, "चिमे, इकडे बघ गं."

मान वळली. उजवा हात सरळ झाला आणि बाबांनी सोडवलेला डावा पुन्हा दुमडला.

"तुझी श्रद्धा कमी पडली!" बाबा गरजले.

"मग उजव्या हाताला कुणाची पुरली? मी तर घंटीही वाजवली नाही."

तिने चिमीला ताठ बसवलं. पोरीला गिळायलाही त्रास व्हायचा, म्हणून घोट घोट करत औषध पाजलं. कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, "तान्ह्या बाळाची मान वळली की त्या बाजूचा हात आपोआप लांबतो. पुढे ते जातं. मेंदूला इजा असली तर राहू शकतं. आणि फिटचं औषध एकदम बंद केलं असतं, तर जिवावर बेतलं असतं."

"म्हणजे हात सुटलाच नव्हता?" सासूबाईंनी विचारलं आणि त्या रडू लागल्या. नात बरी व्हावी असं वाटण्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

चमत्कार दिसला तर नवल जरूर वाटू द्या, मंडळी. पण औषध ओतण्याआधी एकदा दुसऱ्या बाजूनेही हाक मारून बघा.