वाढलेलं ऑईल

दर रविवारी अण्णा घोटीहून पहिल्या एसटीने नाशिकला यायचे आणि थेट गंगापूर रोडला वेदिकाकडे जायचे, ही गोष्ट तेजस्विनीला आतल्या आत डाचत होती. तसं पाहिलं तर दोघी त्यांच्याच मुली. तेजस्विनी थोरली, अंबडच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर. वेदिका धाकटी, शाळेत शिक्षिका. पण दिवाळीत वेदिकाने टर्बो इंजिनाची नवी लाल गाडी घेतली आणि अण्णांचा रविवार त्या गाडीच्या नावावर झाला.

अण्णांनी उभा जन्म घोटी ते त्र्यंबक जीप चालवली होती. तेव्हा सकाळी शाळेआधी जीपचं ऑईल बघायचं काम तेजस्विनीचं असायचं. डिपस्टिक ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून ओढायची आणि ऑईल कुठवर लागलंय ते बघायचं. अण्णा स्टेअरिंगवरून विचारायचे, "दोन खुणांच्या मधे हाय ना?" ती म्हणायची, "हाय अण्णा." मगच गाडी निघायची. आता तिच्याकडे स्वतःची गाडी होती. साधी, दुसऱ्याने वापरून विकलेली. तिचं बोनेट अण्णांनी एकदाही उघडून पाहिलं नव्हतं.

पौषातल्या एका रविवारी नाचणीचं पीठ द्यायचं निमित्त काढून ती वेदिकाकडे गेली. खाली पार्किंगमध्येच दोघं भेटले. अण्णा डिपस्टिक उंच धरून उभे होते, आणि शेजारी वेदिका शाल लपेटून कौतुकाने बघत होती.

"बघ तेजू, एक थेंब कमी नाय," अण्णा म्हणाले. "उलट वरच हाय. माझी जीप ऑईल प्यायची गं, ही तर साठवते! लय भारी इंजिन."

"सर्व्हिसिंगला जास्त घातलं असेल," तेजस्विनी म्हणाली.

"घातलं तर घातलं. कमी असण्यापेक्षा बरं."

ते दोघं हसत लिफ्टकडे गेले. "ताई, बोनेट लाव गं," वेदिका जाता जाता म्हणाली. तेजस्विनीने बोनेटला हात घातला, पण लावलं नाही. तिने डिपस्टिक ओढली. ऑईल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. तिने ती नाकाजवळ नेली आणि तिला पेट्रोल पंपावर उभं असल्यासारखं वाटलं. दोन बोटांत थेंब चोळून पाहिला, तर ऑईलचा चिकटपणा कुठेच नाही.

तिला लगेच उमगलं. वेदिकाची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळच्या थंडीत गाडी सुरू करायची, इंजिन गरम व्हायच्या आत शाळेच्या फाटकात बंद करायची, दुपारी पुन्हा तेच. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं, सगळं जळत नाही, आणि उरलेलं पिस्टनच्या कडेने झिरपत खाली ऑईलमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं तर ते उडून जाईल, पण ही गाडी तापतच नव्हती. ऑईल वाढत नव्हतं, त्यात पेट्रोल साचत होतं. दुधात पाणी घालावं तसं. आणि इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या त्या टर्बोचा दांडा भयानक वेगाने फिरतो तो ऑईलच्या पातळ थराच्या भरवशावर. तो थरच पाण्यासारखा झाला, तर घाटात जोर लावताना टर्बो घासला जाणार हे ठरलेलं.

वर जाऊन सांगायला दोन मिनिटं लागली नसती. तिने बोनेट लावलं, वर गेली, पीठ दिलं, चहा घेतला. अण्णा वेदिकाच्या नवऱ्याला फोनवर गाडीचं कौतुक सांगत होते. तेजस्विनीच्या मनात आलं, बघूच आता किती भारी इंजिन आहे ते. आपल्या मनात असं यावं याचं तिला वाईट वाटलं, पण तो विचार तिने हाकलून मात्र दिला नाही.

पुढच्या रविवारीही ती गेली. अण्णांनी पुन्हा डिपस्टिक दाखवली, पुन्हा "साठवते, साठवते" झालं. तेजस्विनी गप्प बसली. घरी परतताना ती मनातल्या मनात लाल गाडी क्रेनला लटकलेली बघत होती, आणि तिच्यामागे तोंड पाडून चालणारे अण्णा. आपल्या वाकड्या सुखाची तिला तेव्हा लाजही वाटली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी वेदिकाचा फोन आला. "ताई, उद्या मी आणि अण्णा पेठला निघालोय. कोंडाजीमामांना बघायला. सावळ घाट कशी चढते ते बघू म्हणतायत अण्णा."

क्रेनच्या त्या चित्रात ही दोघं गाडीत बसलेली कधीच नव्हती. तरी त्या क्षणी ती नुसतं "बरं" म्हणाली. सकाळी उठल्यावर मात्र राहवेना. तिने फोन लावला.

"वेदू, गाडी नेऊ नकोस. ऑईलमध्ये पेट्रोल उतरलंय. घाटात टर्बो जाईल."

वेदिका म्हणाली, "ताई, तुला माझी गाडी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. मला काय कळत नाही का?"

पहिल्या एसटीने येऊन पोचलेल्या अण्णांनी फोन घेतला. "तेजू, मी दर रविवारी बघतो ना ऑईल? बहिणीच्या चांगल्यावर जळू नये गं पोरी."

हा शब्द तिला लागला, कारण तो खरा होता. तिने फोन आपटला आणि म्हणाली, मरा. मग गाडीची किल्ली घेतली.

ती पोचली तेव्हा लाल गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडतच होती. तेजस्विनीने आपली गाडी सरळ आडवी लावली. वॉचमन बघत राहिला. वेदिका काच खाली करून ओरडली, "हे काय चाललंय ताई?"

"बोनेट उघड. फक्त एकदा."

अण्णा चिडून खाली उतरले. इंजिन बंद करून थोडं थांबल्यावर तेजस्विनीने डिपस्टिक ओढली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. "घ्या वास."

"ऑईलचा वास हाय. दुसरा कसला असणार?"

तिने स्वतः वास घेतला. पेट्रोलचा भपकारा डोळ्यांत झोंबला. तिने पुन्हा त्यांच्या नाकाशी नेली. अण्णांनी जोरात श्वास ओढला, मान हलवली, पण नजर तिच्याकडे न ठेवता रस्त्याकडे वळवली. तेव्हा तिला कळलं. अण्णांना वास येतच नव्हता. हे आजचं नाही, त्यांना कोरोना होऊन गेला तेव्हापासूनचं असणार. वरणाला फोडणी कशी झालीय विचारलं की "झकास" म्हणणारे अण्णा कधी वास घेऊन म्हणायचे, हे तिला आता आठवेना.

हे वेदिकासमोर बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं. ती बोलली नाही. "वासाचं राहू द्या. बोटात चोळून बघा," एवढंच म्हणाली.

अण्णांनी थेंब बोटावर घेतला. अंगठ्याने चोळला. आणखी एकदा चोळला. चाळीस वर्षं ऑईलमध्ये गेलेली ती बोटं मधेच थांबली.

"वेदू," ते म्हणाले, "उतर खाली. ही गाडी नाय न्यायची."

पेठला ते तेजस्विनीच्या गाडीतून गेले. वाटेत चहाला थांबले, आणि अण्णा टपरीवाल्याशी बोलत उभे राहिले तेव्हा मागच्या सीटवरून वेदिकाने विचारलं, "ताई, तुला घरबसल्या कसं कळलं? मागच्या रविवारी बघितलंस?"

"त्याच्याही आधीच्या."

"आणि गप्प बसलीस?"

"अण्णा तुझ्याकडे येतात," तेजस्विनी म्हणाली. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढं छोटं उत्तर, तिचं तिलाच ऐकवेना.

"येतात, कारण मला काही येत नाही!" वेदिकाचा आवाज चिरका झाला. "तुझ्या गाडीला त्यांनी हात लावायला शिल्लक काय ठेवतेस तू? आणि लहानपणी मी रोज दारात उभी असायचे. तू डिपस्टिक घेऊन मिरवायचीस. एकदा तरी म्हणालीस, ये वेदू, तूही बघ?"

तेजस्विनीला दारातली वेदू आठवली. तोंडात दात घासायचा ब्रश, बघत असलेली. तेव्हा तिला वाटलं होतं, हिला घाणीचा तिटकारा आहे. तेवढ्यात अण्णा चहाचे ग्लास घेऊन आले.

सोमवारी निसार मेकॅनिकने लाल गाडीचं ऑईल सोडलं, तेव्हा ते भांड्यात पाण्यासारखं धो धो पडलं. "टर्बो बचावला ताई, दांडा अजून ढिला झालेला नाही," तो वेदिकाला म्हणाला. "नवीन ऑईल घालतो. पण आठवड्यातून एकदा तरी हिला हायवेवर लांब पळवा, आणि लेव्हल वर दिसली की खूश होऊ नका." वेदिकाने त्याच्याकडून डिपस्टिक मागून घेतली आणि स्वतः वास घेऊन बघितला.

त्या आठवड्यात अण्णांचा तेजस्विनीला फोन आला. "तेजू, तुला कळलंय ना माझ्या नाकाचं? डाक्टरला दाखवावं म्हणतो. तूच घेऊन चल. वेदूला सांगू नको, उगा घाबरंल."

तेजस्विनीने रजा टाकली. तिला मनातून इतका आनंद झाला, की त्याची तिलाच शरम वाटली. वडिलांचं नाक गेलंय आणि आपण खूश आहोत. पण हे वेदिकाला माहीत नाही, फक्त आपल्याला माहीत आहे, हा गोडवा काही जाईना. स्टँडवरून अण्णांना घेऊन ती कॉलेज रोडच्या दवाखान्यात पोचली, काचेचं दार ढकललं, आणि आत समोरच्या बाकावर वेदिका बसली होती. नंबर लावून.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. वेदिकाचाही चेहरा उतरला.

"तुला सांगू नको म्हणाले होते," वेदिका म्हणाली.

"मलाही."

दोघींनी मग अण्णांकडे बघितलं. अण्णांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "एकीला वेळ नसला तर दुसरी असावी म्हणून," ते पुटपुटले. वेदिका बाकावर थोडी सरकली. तेजस्विनी मुद्दाम दुसऱ्या टोकाला बसली. मधल्या जागेत अण्णा बसले, आणि नावाचा पुकारा झाला तेव्हा दोघीही एकदमच उठल्या.