पेन्सिलीतली रजा

विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या सभांचं काम पाहणाऱ्या कारकुनाला कचेरीत सगळे बघतोबुवा म्हणत. कुणी काहीही सांगितलं की "बघतो मी" म्हणून मोकळा! वीस वर्षं हे खपूनही गेलं होतं.

मंडळावरच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या, म्हणजे सरांच्या, बायकोने अंथरूण धरलं. लागोपाठ तीन सभांच्या वेळी कारकुनाला सरांचा फोन आला.

"जमत नाही रे यायला. अर्ज पाठवू का?"

"कशाला सर? बघतो मी."

मग हजेरीपुस्तकात सरांच्या नावापुढे तो पेन्सिलीने 'रजा' लिहायचा. अर्ज आला की त्यावर शाई फिरवायची, अशी रीत. बहुतेकांचे अर्ज कधी येतच नसत आणि कुणाचं काही अडतही नसे.

आज अडलं. अध्यक्षांना संध्याकाळचे वर्ग बंद करायचे होते. त्यांच्यासह चार जण बाजूने, सरांसह पाच विरुद्ध. कारकुनाची लेक दिवसभर दुकानात उभी राहून त्याच वर्गांत शिकत होती, आणि तिचं एकच वर्ष उरलं होतं. अध्यक्षांनी नियम शोधून काढला: लेखी परवानगीवाचून सलग तीन सभा चुकवल्या, तर सदस्यत्व आपोआप संपलं. सर गेले की चारास चार, आणि बरोबरी फोडायला अध्यक्षांचं जादा मत होतंच.

सभेआधी त्याने सरांना जिन्यातच गाठलं. मागच्या तारखांचे तीन अर्ज टाईप करून आणले होते.

"सर, फक्त सह्या करा. पाया पडतो तुमच्या."

सरांनी तिन्ही वाचले. "हा नियम मीच लिहिलाय रे. खोटी सही करून त्या खुर्चीत कोणत्या तोंडाने बसू?"

"मग माझ्या पोरीचं काय?" तो ओरडलाच.

सरांनी अर्जांची घडी करून त्याच्या हातात दिली. आधी त्याला सरांचा भयंकर राग आला. मग स्वतःचीच लाज वाटली.

सभेत अध्यक्षांनी हजेरीपुस्तक पुढे ओढलं. "लेखी अर्ज आले होते?"

"साहेब, फोन आले होते. अर्ज नको असं मीच म्हटलं. चूक माझी आहे. मला काढा, साहेब!"

"तुम्हाला काढायला मंडळ कशाला हवं? हो की नाही, तेवढं सांगा."

टेबलाभोवती सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"नाही," तो म्हणाला.

"लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं. सर कागद आवरून उठले. आता ते बाहेरचे, तेव्हा त्यांना दारापर्यंत पोचवायचं काम कारकुनाचंच होतं.

दारात सर हळूच म्हणाले, "लेकीला पाठव माझ्याकडे. शिकवीन मी."

"आणि परीक्षा कोण घेणार, सर?"



"दार लावून घ्या," आतून अध्यक्ष म्हणाले, "आणि दुसरा विषय वाचा, संध्याकाळच्या वर्गांचा."

त्याने सरांच्या तोंडावर दार लावलं आणि वाचायला घेतलं.