चंद्राबाईंच्या विहिरीचा कागद

सांगलीच्या एका लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली स्वानंदी शहाण्णवच्या एप्रिलात माण तालुक्यातल्या एका गावी कायदा शिबिराला गेली, तेव्हा विधिशास्त्र तिला तोंडपाठ होतं. एकाचा हक्क असला की समोर दुसऱ्याचं कर्तव्य असतंच, आणि कर्तव्य असलं की समोर कुणाचा तरी हक्क. देवदत्त सरांनी हे वर्षभर घोटून घेतलं होतं.

शाळेच्या वऱ्हांड्यात टेबलं मांडली होती. साठी ओलांडलेल्या चंद्राबाई थोरल्या मुलाला, नानासोला, घेऊन आल्या. ओढ्याकाठची त्यांची विहीर भर उन्हाळ्यातही आटत नसे; वाटेनं जाणारे मेंढपाळ तिथं मेंढरांना पाणी पाजत.

"पोरी, असा कागद कर," बाई म्हणाल्या, "की मी मेल्यावर माझ्या दोघा पोरांस्नी मेंढरं हिरीवरनं हाकलता येऊ नयेत."

"म्हणजे मेंढपाळांना पाण्याचा हक्क द्यायचा? त्यांची नावं सांगा."

"नावं मला काय ठावं? दर साली नवी माणसं येत्यात."

स्वानंदीनं पेन खाली ठेवलं. हक्क म्हटला की हक्कदार हवा. जो अजून आलेलाच नाही, त्याच्या नावावर काय लिहिणार? तिनं तसं समजावून सांगितलं.

नानासोला बरं वाटलं. "बघ आये, त्येंचा हक्क न्हाईच. हीर आपल्या सातबाऱ्यावर हाय."

"हाय की. म्हणून तर पाजायचं काम आपलं. त्येंची असती तर त्येंनीच उपसून घेतलं असतं." बाई स्वानंदीकडं वळल्या. "त्येंचा हक्क लिवता येत न्हाई न्हवं? नको लिवू. माझ्या पोरांचं काम लिव. तहानलेला कोण का असंना."

शिबिराला सोबत आलेले देवदत्त सर शेजारच्या टेबलावरून ऐकत होते. स्वानंदीनं विचारलं, "सर, समोर हक्कदार नसताना नुसतं कर्तव्य लिहिता येतं?"

"त्यावर पुस्तकांत भांडण आहे," सर म्हणाले. "बाईंच्या मनात नाही. लिही तू."

तीन मसुदे फाडून तिनं मृत्युपत्र लिहिलं. विहीर दोन्ही मुलांना. मात्र दारी येईल त्या तहानलेल्या माणसाला, जनावराला पाणी पाजणं त्यांच्यावर बंधनकारक.

"आन न्हाई पाजलं तर?" नानासोनं विचारलं. "मेंढरं कोर्टात जाणार व्हय?"

"तुझा बा चाळीस सालं पाजत हुता. त्येला कोण जाब इचारत हुतं रं?"

नानासोनं मान खाली घालून पेन मागितलं. मृत्युपत्राला मुलाची सही लागत नाही, असं स्वानंदीनं सांगितलं; तरी त्यानं वेगळ्या कोऱ्या कागदावर 'मला मान्य' एवढंच लिहून सही ठोकली. बाईंनी तो कागद घडी घालून कनवटीला खोचला. स्वानंदीला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि ती पडली.

आठवड्यानं तालुक्याच्या गावी, दहिवडीला, मृत्युपत्राची नोंदणी झाली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात स्वानंदी पुन्हा त्या गावी गेली, वकील होऊन. बाई लिंबाखाली भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. विहिरीवर मोटर सुरू होती. पाटाला मेंढरांची झुंबड उडाली होती आणि नानासो एका अनोळखी मेंढपाळावर ओरडत होता, "आरं गड्या, आदी कोकरं फुडं घे की!"